काजळी धरलेल्या पुंगळ्या

१

हेल्का पिर्होनेनचं पिस्तूल पुन्हा अडकलं, तेव्हा तळ्यावरचं धुकं अजून उठलं नव्हतं. पुठ्ठ्याची लक्ष्यं भुर्जाच्या खोडांमागे जेमतेम दिसत होती आणि प्रत्येक बाराचा आवाज पाण्यावर जाऊन तिथेच विरत होता. हेल्काने हिसडा देऊन अडकलेली पुंगळी काढली, पुढचा बार टाकला, आणि पुन्हा तेच. दारात बोट सापडावं तशी रिकामी पुंगळी पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागात, म्हणजे स्लाइडमध्ये, चिमटून राहिली. या खेळात नेम मोजतात तसा वेळही मोजतात, आणि अडकलेल्या पिस्तुलासाठी घड्याळ काही थांबत नाही.

ऑगस्टअखेरच्या शनिवारची ही जिल्ह्याची शेवटची स्पर्धा होती. पहिला येईल त्याला राष्ट्रीय निवडीला जायला मिळणार होतं, आणि यंदा ती हेल्काच, हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. तिचा प्रतिस्पर्धी राउनोसुद्धा मनातून ते मानत होता, तोंडाने कबूल करण्यातला तो नव्हता. आता हेल्काने पिस्तूल रिकामं केलं, पंचाला दाखवलं आणि कुणाकडे न बघता ती बाहेर आली.

ताइस्तो उस्तादांनी तिच्या हातातून पिस्तूल घेतलं. ऐंशीच्या घरातले हे गृहस्थ क्लबच्या मागच्या लाकडी खोलीत बसून सगळ्यांची पिस्तुलं लावून द्यायचे. बार उडाला की त्याच्या धक्क्याने स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, आणि आतली स्प्रिंग तिला पुन्हा पुढे ढकलते. काडतुसात दारू किती आणि स्प्रिंग किती कडक, या दोघांचे गुण जुळले नाहीत तर संसार पहिल्याच बाराला मोडतो. ते गुण जुळवणं हेच उस्तादांचं काम. कडक कुठली, हलकी कुठली हे ओळखायला इतरांसारखे स्प्रिंगांवर रंगाचे ठिपके ते देत नसत. ठिपके ज्यांच्या बोटांना कळत नाही त्यांच्यासाठी, असं ते हसून म्हणायचे.

त्यांनी स्प्रिंग काढली, दोन बोटांत फिरवली. मग सगळ्यांसमोर म्हणाले, “चूक माझी आहे. काल ही मीच बसवली. माझे हात गेले आता.”

त्यांची मुलगी त्यांना कुओपिओ शहरात, परिचारिका असलेल्या इमारतीत राहायला बोलावत होती. हात चालतात तोवर नाही, हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. आता त्यांनी आपण होऊन सांगून टाकलं, की उद्या कॉफीच्या वेळी खोलीची किल्ली क्लबला परत करीन.

२

तेल्लेर्वो हाकोलाला हे ऐकून रडू आलं. तिने ते गिळलं आणि नजर खाली वळवली, म्हणून तिला पुंगळ्या दिसल्या.

तेल्लेर्वो निवृत्त औषधविक्रेती. जन्मभर पुड्या बांधल्या, आणि आता स्पर्धेत वेगमापकावर बसायची. प्रत्येकाची थोडी काडतुसं घेऊन गोळीचा वेग मोजायचा. ठरलेल्या जोरापेक्षा गोळी हलकी निघाली तर गुण कापले जातात. तिचं हे काम चोख असलं तरी स्वभाव तंद्रीचा. बोलता बोलता ती तळ्याकडे बघत राहायची आणि लोकांना वाटायचं बाई झोपली. नवरा गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात उस्तादांनी तिला न विचारता आपल्या खोलीत बसवलं होतं आणि स्प्रिंगा पुसायला दिल्या होत्या. तो हिवाळा त्यामुळे निभला.

हेल्काच्या पुंगळ्या तिच्या उभं राहण्याच्या जागेशी, अगदी पायाजवळ पडल्या होत्या. बुडावर तिची हिरवी रेघ होती. आपल्या पुंगळ्या वेचून पुन्हा भरता याव्यात म्हणून इथे प्रत्येकाचा रंग ठरलेला असतो. तेल्लेर्वोने एक उचलली आणि तिची बोटं काळी झाली.

ती तशीच उभी राहिली. पुरेशी दारू जळते तेव्हा पुंगळी फुगून नळीला घट्ट चिकटते, धूर मागे येऊच शकत नाही. बाहेरून काजळी धरते ती दारू कमी असली तरच. हेल्काच्या पुंगळ्या इतकी वर्षं कशा पितळी, स्वच्छ असायच्या.

आणि मग तिला सकाळचा आकडा आठवला. हेल्काची गोळी नेहमी नियमाच्या पुष्कळ वर असायची, आज जेमतेम काठावर निघाली होती. तेल्लेर्वोने तसं म्हटलंही होतं. हेल्का हसली होती, धुक्याच्या गारव्याने दारू मंदावली असेल म्हणाली होती. तेव्हा ते पटलं. पण गारवा काय एकट्या हेल्काला वाजला? राउनोचा आकडा होता तसाच होता, बाकीच्यांचेही.

उस्तादांकडून तिने ती स्प्रिंग मागून घेतली. क्लबच्या स्वयंपाकघरात पीठ तोलायचा काटा होता. त्यावर खिळा उभा धरून, त्यात स्प्रिंग ओवून, तिने ती खिळ्यावर केलेल्या खुणेपर्यंत दाबली. मग वसंतात उस्तादांनीच हेल्काला दिलेली जोडीची स्प्रिंग तिच्या थैलीतून आणून दाबली. काटा दोन्ही वेळा एकाच जागी थांबला.

स्प्रिंग बरोबर होती. चूक काडतुसात होती.

ती जवळजवळ पळतच उस्तादांच्या खोलीत गेली. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. “काटा खोटा असेल,” ते म्हणाले. “नाहीतर वसंतात मी दोन्ही चुकीच्या दिल्या असतील. तेल्लेर्वो, स्टोव्ह बंद केलाय का मी? बघ ना जरा.”

स्टोव्ह समोरच होता आणि बंद होता. उस्तादांचा एक हात कातडी एप्रनच्या खिशात मूठ वळून बसला होता, आणि तो काही केल्या बाहेर येईना.

३

राउनो इम्मोनेन विजयाचं सॉसेज खात बसला होता, पण त्याला ते गोड लागत नव्हतं हे दुरून दिसत होतं. हेल्का अडकली म्हणून हा पहिला आला होता. शिवाय शुक्रवारी संध्याकाळी तो उस्तादांच्या खोलीत होता, हे क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं.

“आलीस,” तो म्हणाला. “वाटच बघत होतो. सगळे माझ्याकडे असे बघतायत, जसं काही मी चर्चची घंटा चोरलीय.”

तेल्लेर्वो म्हणाली की घंटेचं नंतर बघू, शुक्रवारचं सांग.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी उस्ताद सगळ्यांची पिस्तुलं उघडून बघतात, ही इथली जुनी रीत. राउनो आपलं घ्यायला गेला होता. त्याच्यासमोरच उस्तादांनी हेल्काचं उघडलं. स्प्रिंग बाहेर काढली, बोटांत धरली, आणि ते थबकले. मग खिडकीशी जाऊन ती उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिले.

“चेहरा पांढराफटक,” राउनो म्हणाला. “मी विचारलं, उस्ताद, भूत दिसलं का? तर मला ढकलून बाहेर काढलं आणि आतून कडी लावली. मला, तेल्लेर्वो. कडी. त्या खोलीला कडी आहे हेच मला माहीत नव्हतं.”

“हे तू कुणाला सांगितलं नाहीस?”

“काय सांगू? म्हातारा घाबरलाय म्हणून?” त्याने सॉसेज खाली ठेवलं. “लहानपणापासून मला सांभाळून घेतलंय त्यांनी. मी कशाला त्यांची अब्रू काढू?”

तेल्लेर्वो तळ्याकडे बघत बसली. दोन पाणडुब्या धुक्यातून बाहेर आल्या आणि परत धुक्यात गेल्या. राउनोला वाटलं बाई झोपली. ती विचार करत होती, की स्वतः बसवलेली स्प्रिंग बघून माणूस पांढरा पडत नाही. उस्तादांना त्या पिस्तुलात दुसरंच काहीतरी सापडलं होतं.

४

हेल्का सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवर एकटी बसली होती. शेजारी कॉफीची किटली होती. ती ओतताना तिने डावा हात वापरला, आणि तेल्लेर्वोला वाटलं, ही तर उजव्या हाताची.

सुजलेल्या उजव्या मनगटाचं विचारल्यावर हेल्काने आधी उडवून लावलं. मग म्हणाली, असतं थोडं. हिवाळ्यापासून सुजतंय. कधी कप हातातून सुटतो. डॉक्टर एक हंगाम बंद कर म्हणतात, पण या वयात बंद केलेला हंगाम परत उघडत नाही, हे डॉक्टरांना कोण सांगणार. बहिणीलाही तिने हेच ऐकवलं होतं, जरा तिखट शब्दांत. बहीण म्हणजे पाइविक्की, जिच्याबरोबर ती हिवाळाभर एकाच टेबलावर बसून काडतुसं भरते; म्हणजे भरते पाइविक्की, हेल्का उडवते.

“गंमत सांगू?” हेल्का म्हणाली. “गुरुवारी सरावाला दुखलंच नाही गं. पिस्तूल असं हातात बसलं, जसं वीस वर्षांपूर्वी बसायचं. एकदासुद्धा अडकलं नाही. मला वाटलं तळ्यात पोहले त्याचा गुण आला. मी घरी जाताना गाणं म्हणत गेले.” तिने रिकामा कप खाली ठेवला. “आणि आज हे.”

तेल्लेर्वोने तिचा कप भरून दिला आणि सरावाच्या कोपऱ्याकडे निघाली.

तो कोपरा जंगलाला लागून आहे. तिथे जमीन लाल बेरींच्या झुडपांनी भरलेली असते आणि सराव संपला की पुंगळ्या वेचून नेल्या तरी झुडपं आपला वाटा ठेवून घेतात. धुकं आता खोडांच्या मधोमध लोंबत होतं. तेल्लेर्वो उभं राहण्याच्या खुणेपासून पुंगळी पडावी तिथवर गेली, चांगल्या जुळलेल्या पिस्तुलाने फेकावी तितक्या लांब, आणि गुडघ्यांवर बसली. तिला बेरी वेचायला आल्यासारखं वाटत होतं. एक बेरी तिने तोंडात टाकलीही.

मग सापडली. हिरव्या रेघेची पुंगळी, ताजी. थोड्या अंतरावर आणखी एक.

दोन्हींना बाहेरून काजळी होती.

ती ओल्या शेवाळ्यावर बसून राहिली. गुरुवारीही दारू कमीच होती तर. पण कमी दारूच्या पुंगळ्या आज हेल्काच्या पायाशी गळून पडल्या, आणि गुरुवारी तीच काडतुसं इथवर उडाली होती. काडतूस तेच, पिस्तूल तेच, हात तोच. मग बदललं काय, याला एकच उत्तर होतं: स्प्रिंग.

५

पाइविक्की गाडीत सामान भरत होती. सामान भरून झालं होतं, तरी ती ते काढून पुन्हा भरत होती.

तेल्लेर्वोने काही न बोलता तळहात पुढे केला. त्यावर पायाशी सापडलेली एक पुंगळी आणि झुडपातली एक, शेजारी शेजारी होत्या.

पाइविक्कीने त्या पाहिल्या आणि डिकीच्या काठावर बसली.

“तिला दोन हातांनी कप धरावा लागतो,” ती म्हणाली. “माझ्यासमोर लपवते. मी सांगून पाहिलं. तर म्हणाली, तू काडतुसं भर, माझं आयुष्य भरू नकोस.”

मग तिने सगळं सांगितलं. दारू कमी केली, नियमात बसेल इतपतच. धक्का हलका झाला की मनगट वाचेल. आणि नुसती दारू कमी करून भागत नाही हे काय तिला कळत नव्हतं? उस्तादांच्या खणातून तिने हलकी स्प्रिंग घेतली. तो खण सगळ्यांना उघडा असतो, घ्यायचं आणि मागाहून सांगायचं, अशी पद्धत. मागाहून सांगायचं मात्र ती मुद्दाम विसरली. गुरुवारी सरावाआधी हेल्काचं पिस्तूल नेहमीसारखं साफ करताना तिने आतली स्प्रिंग बदलली. आणि बहीण गाणं म्हणत घरी गेली, ते ती मागून ऐकत होती.

“मग आज का अडकलं मला कळेना,” पाइविक्की म्हणाली. “मला वाटलं मीच दारू फार कमी केली. तेवढ्यात उस्ताद चूक माझी म्हणाले. मी गप्प बसले, तेल्लेर्वो. इतकं सोपं होतं गप्प बसणं.”

“तुला माहीत आहे उद्या ते किल्ली देणार आहेत?”

पाइविक्कीने मान खाली घातली. तेल्लेर्वोला तिचा राग आला होता आणि तिला जवळही घ्यावंसं वाटत होतं. दोन्हीतलं काहीच न करता ती म्हणाली की उद्या कॉफीला ये, आणि बोलायचं तुला आहे, मला नाही.

“हेल्का मला आयुष्यात क्षमा करणार नाही.”

“नसेल करत,” तेल्लेर्वो म्हणाली. “तरी ये.”

६

रविवारी धुकं नव्हतं. तळं इतकं स्वच्छ होतं की पलीकडचा किनारा पाण्यात उलटा टांगल्यासारखा दिसत होता, आणि खरा कुठला ते क्षणभर कळत नव्हतं. टेबलावर वेलचीचा गोड पाव होता. कुणी त्याला हात लावला नव्हता.

उस्ताद दाढी करून, चांगला सदरा घालून आले होते, पण त्यावर सवयीने कातडी एप्रन बांधलाच होता. खुर्चीत बसल्यावर त्यांनी कॉफीत साखर घातली का हे राउनोला विचारलं. बसलोय ती जागा माझीच ना, हे हेल्काला विचारलं. मग किल्ली काढून टेबलावर ठेवली.

“उस्ताद,” तेल्लेर्वो म्हणाली, “किल्ली ठेवलीत. आता एप्रनच्या खिशात आहे तेही ठेवा.”

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. मग त्यांनी हळूच मूठ बाहेर काढली आणि उघडली. तळहातावर एक स्प्रिंग होती.

“शुक्रवारी ही निघाली तिच्या पिस्तुलातून,” ते म्हणाले. “हलकी. माझ्या खणातली, माझ्याच हातची. म्हणजे वसंतात मीच बसवली असणार, आणि मला आठवत नाही. मी लाजलो. कुणाला न सांगता काढली आणि बरोबर होती ती घातली. निदान मला वाटलं बरोबर. शनिवारी पिस्तूल अडकलं, तेव्हा कळलं की बरोबर काय आणि चूक काय हेच आता माझ्या बोटांना समजत नाही.”

तेल्लेर्वोने दोन पुंगळ्या त्यांच्यापुढे ठेवल्या आणि शांतपणे समजावलं. पायाशी पडलेली काजळलेली, म्हणजे कमी दारू आणि कडक स्प्रिंग. लांब उडालेली काजळलेली, म्हणजे कमी दारू आणि हलकी स्प्रिंग. गुरुवारी कुणीतरी दोन्ही बदललं होतं, नीट जुळवून बदललं होतं. तीस वर्षं काडतुसं भरणारा माणूस चोरून काही करेल, पण न जुळवता करणार नाही. अडाण्याने नुसती दारू कमी केली असती आणि पिस्तूल गुरुवारीच अडकलं असतं. शुक्रवारी उस्तादांनी त्या जोडीतला अर्धा भाग काढून जुना बसवला. त्यांना काडतुसं बदलल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे आंधळेपणाने, नुसत्या बोटांनी, त्या पिस्तुलाची स्प्रिंग कुठली आणि परकी कुठली हे त्यांना ओळखता आलं होतं.

“तुमची बोटं बरोबर होती,” ती म्हणाली. “आम्ही सगळे चुकलो.”

“कुणीतरी म्हणजे मी,” पाइविक्की म्हणाली. ती उभी राहिली होती आणि बहिणीकडे बघत होती. तिने मनगटाचं सांगितलं, कपाचं सांगितलं, गाण्याचं सांगितलं. शेवटी उस्तादांकडे वळली आणि खणाचंही सांगितलं.

हेल्काने खुर्ची बहिणीकडे वळवली. मग म्हणाली, “माझी निवड घालवलीस.”

“हो.”

“आणि मला वाटत होतं मी बरी होतेय.” हेल्काने उजवं मनगट डाव्या हातात धरलं. सगळ्यांसमोर ते धरायची तिची ही पहिलीच वेळ असावी. “तुझ्याशी घरी बोलेन. खूप बोलेन.”

राउनो खाकरला. आपली जागा आपण सोडणार नाही, हे त्याने आधीच सांगून टाकलं. पण निवडीला जाताना सोबत कुणीतरी लागेल, आणि हेल्का बाजूला उभी राहून शिव्या देणार असेल तर नेम बरा लागतो, असंही म्हणाला. हेल्काने त्याच्याकडे पाव सरकवला.

उस्ताद मात्र यातलं काही ऐकत नव्हते. त्यांनी दुसरी स्प्रिंगही मागून घेतली होती. दोन्ही हातांत दोन धरून, डोळे मिटून, ते अंगठ्याने दाबून बघत होते. ओठ हलत होते. मग त्यांनी एक टेबलावर ठेवली आणि डोळे उघडले.

“पिस्तूल आण,” ते हेल्काला म्हणाले. “आणि ती हलकी काडतुसं.”

सगळे सरावाच्या कोपऱ्यात गेले. उस्तादांनी उभ्या उभ्या हातात उरलेली हलकी स्प्रिंग बसवली, स्लाइड मागे ओढली, सोडली, कान लावून ऐकली. मग पिस्तूल हेल्काच्या हातात दिलं. लांबचं त्यांना आता नीट दिसत नसे, म्हणून ते झुडपांकडे तोंड करून, मान थोडी कलती ठेवून उभे राहिले.

हेल्काने एक बार टाकला.

पुंगळी उन्हात चमकून वर गेली आणि लाल बेरींच्या पलीकडे, एका दगडावर टिणकन वाजली. त्या आवाजापाठोपाठ तळं पुन्हा शांत झालं. तेल्लेर्वो उस्तादांच्या तोंडाकडे बघत होती. आता ते विचारतील, बरोबर पडली का, असं तिला वाटलं, आणि उत्तर तिच्या ओठांवर तयार होतं.

त्यांनी कुणाला काहीच विचारलं नाही. ते वळले, कॉफीच्या टेबलापाशी परत गेले, किल्ली उचलून खिशात टाकली, आणि गार झालेली कॉफी साखर आहे की नाही न बघता पिऊन टाकली.